मागच्या सीटवरची आजी

माझ्या बायकोच्या आजीला खाली बसलेली पाहिलेला माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात सापडणार नाही, असं मी लग्नानंतर बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत असे. कापडे गावातल्या घरी ती जेवायची उभ्यानं, चहा प्यायची चालता चालता, आणि झोपते की नाही याबद्दल घरात दोन मतं होती. चुलीवर भात टाकून ती वरच्या वाडीत कुणाची म्हैस व्याली ते बघून यायची, त्या घरच्या बाईचं काय काय चुकलं ते तिला सांगायची आणि परत येऊन काकूंना, म्हणजे तिच्या धाकट्या सुनेला, भात गिच्च केल्याबद्दल बोलायची. काकू म्हणायच्या, "आत्याबाय, भात तुमीच टाकलात." त्यावर आजी म्हणायची, "टाकला मी, पन बघायला तू होतीस ना गो?" काकूंनी वाद घालायचं केव्हाच सोडून दिलं होतं. भात मात्र रोज गिच्च व्हायचा.

मी नातजावई असल्यामुळे मला ती 'जावई' म्हणायची आणि न चुकता 'तुम्ही' म्हणायची. या मानाला शोभेल असं काहीतरी करावं म्हणून पहिल्याच भेटीत मी गाडी ऐटीत उलटी घ्यायला गेलो आणि अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीत घातली. अर्धी उडवी टपावर आली. आत मी, वर पेंढा आणि दारात सगळं सासर. आजी पुढे आली, काचेवरचा पेंढा बाजूला करून माझं तोंड शोधून काढलं आणि मागे वळून म्हणाली, "कोन हसू नका. वरचा पेंढा काढायला शिडी लागत व्हती, जावयांनी खाली काढून दिला." त्या दिवसापासून मी तिचा कायमचा ड्रायव्हर झालो.

माझी नोकरी महाडात, त्यामुळे रविवार तिचा. सकाळी मी कापड्याला पोचायच्या आधी ती रस्त्यावर येऊन उभी असे आणि मी वेळेवर आलो तरी उशीर झालेला असे. गड, धबधबे, हॉटेलं यांत तिला काडीचा रस नव्हता. तिला माणसं बघायची असत. तिची एक भाची तुडीलला दिलेली. तिथे पोचल्यावर आजी पुढच्या दारानं शिरायची ती मागच्या दारानं परसात निघायची, वाटेत डाळीचा डबा, भाचीच्या नवऱ्याचा खोकला आणि पोरीची शाळा एवढं तपासून व्हायचं, आणि भाचीनं पोह्यांची बशी हातात दिली की म्हणायची, "चला, घरी कोंबड्या भायेर हायेत." पोहे आम्ही गाडीत खायचो. तुडीलला सावित्रीचा काठ फार सुंदर आहे म्हणतात. मी तिथे कितीदा तरी गेलो, नदी अजून नीट पाहिलेली नाही. परतीच्या वाटेवर कापडे गाव दिसायला लागलं की आजी विचारायची, "मग फुडल्या रविवारी कुठं?"

गाडीतही ती मागच्या सीटवर एका जागी नसे. या खिडकीतून त्या खिडकीकडे सरकत ती कुणाच्या शेतात पेरणीआधीचा राब भाजला, कुणाच्या दारात नवी मोटारसायकल आली याची बातमीपत्रं देत असे. एकदा पोलादपूरच्या नाक्यावर मी टायरची हवा बघायला उतरलो, परत बसलो आणि निघालो. मागे शांतता. मला वाटलं, म्हातारीचा डोळा लागला. इतका आनंद झाला की आवाज होऊ नये म्हणून मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. महाडच्या नाक्यावर पोचलो तर रस्त्याच्या कडेला काकड्यांची पिशवी घेऊन आजी उभी. मी टायर बघत असताना ती काकड्या बघायला उतरली होती आणि मी तिची झोप जपत सावकाश येत होतो तेवढ्यात वडापच्या विक्रम रिक्षातून माझ्या पुढे निघून गेली होती. मागच्या दारानं आत बसत एवढंच म्हणाली, "हळू चालवता हो जावई." घरी कुणाला सांगितलं नाही तिनं. मीच सांगितलं, कारण गोष्ट चांगली होती.

मग एका वर्षी भाताच्या लावणीत ती बांधावरून घसरली आणि दोन्ही गुडघे सुजले. मुंबईहून सासऱ्यांचा, म्हणजे तिच्या थोरल्या लेकाचा, फोन आला. मुंबईत राहून गावाबद्दल निर्णय घेणं हे त्यांचं आवडतं काम. त्यांनी सांगितलं, आईचे गुडघे सुधारले नाहीत तर पुढच्या लावणीला तिनं चिखलात पाय घालायचा नाही. आपण स्वतः येऊन बघणार. आधार न घेता बसून उठली तरच शेतात. आता, त्या घरात लावणीच्या रोपांची पहिली मूठ घरातल्या थोरल्या बाईनं लावायची रीत आहे. नवी नवरी म्हणून आल्यापासून आजी सासूला ती मूठ लावताना बघत आली आणि सासू गेल्यापासून स्वतः लावत आली. ती मूठ गेली म्हणजे काय गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. काकूंचा जीव वेगळ्याच कारणानं खालीवर होत होता. "त्या बांधावरनं बघनार आन मी लावनार? त्यापरीस मी माहेराला जाते," असं त्यांनी माझ्या बायकोला सांगून टाकलं.

म्हणून रविवारच्या फेऱ्या महाडजवळच्या सव गावाकडे वळल्या. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून कितीतरी म्हातारे चालायला लागले अशी ख्याती. अट एकच, पाण्यात गप बसून राहायचं. बायकांच्या बाजूला माझी बायको पहाऱ्याला असे, भिंतीअलीकडे मी. भिंतीपलीकडून आजीचा आवाज कधी या टोकाकडून यायचा, कधी त्या. ती भेटेल त्या बाईचे गुडघे चोळत फिरायची. बायको वैतागून बाहेर यायची आणि म्हणायची, "अख्ख्या तालुक्याचे पाय बरे झाले, आपली आहे तशीच." पाणी खरंच किती गरम आहे ते बघावं म्हणून एका रविवारी मी पायरीवर वाकलो, घसरलो आणि पँट, मोबाइल, गाडीच्या किल्लीसकट आत बसलो. अंग असं काही मोकळं झालं की उठवेना. त्या उन्हाळ्यात सवच्या पाण्याचा कुणाला पुरता गुण आला असेल तर तो मला.

लावणीच्या दिवशी सासरे मुंबईहून आले. अंगावर पावसासाठी नवी प्लॅस्टिकची खोळ, पायात बूट. खाचरात चिखलणी झालेली, रोपांच्या मुठी बांधावर रचलेल्या, नारळ फुटलेला. ते म्हणाले, "आई, बसून दाखव." आजी उलट्या घमेल्यावर बसली. "आता ऊठ." आजीनं हात मांडीवर ठेवले, खाचराकडे बघितलं, लेकाकडे बघितलं आणि म्हणाली, "बसते वाईच."

 सासऱ्यांनाही जिंकल्यासारखं वाटलं नसावं, कारण ते उगाच बुटाचा चिखल पुसायला लागले. ज्या बाईनं एकदा तरी बसावं म्हणून आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं नवस बोलायचे तेवढे बाकी ठेवले होते, ती शहाण्यासारखी बसली होती, आणि मला ते बघवेना. सासऱ्यांनी पहिली मूठ काकूंच्या हातात दिली. काकू ती धरून नुसत्या उभ्या. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ज्या घरात जावयाला चिखलाच्या कडेलाही उभं करत नाहीत त्या घरात मी मूठ घेऊन पँटीसकट खाचरात उतरलो.

मी रोपं लावली. एक लावावं तर मागचं सुटून पाण्यावर तरंगायचं. ते खोचावं तर त्याच्यावरच माझा पाय. मुद्दाम केलं असं मी आता सांगतो. खरं म्हणजे मला तेवढंच येत होतं. थोड्या वेळानं मागून चिखलात चपक आवाज आला. आजी बांधावरून घसरगुंडीवरून यावं तशी खाली आली होती. सासरे म्हणाले, "आई." तिनं ऐकलंच नाही. इतक्या वर्षांचं 'तुम्ही' टाकून ती मला म्हणाली, "सरक रे. भाताला मारतोस काय?"

तिनं माझ्या हातातली मूठ घेतली आणि लावली. रोप एकेक उभं राहिलं. मूठ संपल्यावर कंबर सरळ करताना ती थांबली, आणि हात लांब करून माझा खांदा धरला. तो हात हलका होता, नुसत्या कापडाचा असावा तसा. तो मी अजून विसरलेलो नाही.

आताशा रविवारी आम्ही निघतो ते सावकाश. ती या खिडकीतून त्या खिडकीकडे सरकत नाही. तुडीलला पोहे बशीतच संपतात आणि कोंबड्यांची आठवण मलाच करून द्यावी लागते. परतताना पोलादपूर मागे टाकलं की मागे शांतता होते, आणि मी दर वळणावर आरशात बघतो. परवा असाच बघत होतो, तर डोळे न उघडता ती म्हणाली, "फुडं बघा जावई. मी हाय."