शेवटच्या अल्बमचे प्रमुख पाहुणे

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघे होतो, तिघेही पुण्याचे इंजिनिअर, आणि वाजवायचो काय, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडचं रॉक. तिकडची धूळ आमच्यापैकी एकानेही पाहिली नव्हती. दोन हजार एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये आम्ही शेवटचा अल्बम केला. दोघांनी आपापल्या घरी वाजवलं, आणि गायकाने आयर्लंडमधल्या नास गावी, भाड्याच्या घरात, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात बसून गायलं. तोच आमचा स्टुडिओ.

शेवटचा अशासाठी, की गायकाची नोकरी गेली होती आणि तिथलं कामाचं परमिट संपत आलं होतं. दुसरी मिळाली नाही, तर बायको-मुलीला घेऊन परत जायचं होतं.

मग त्याने आपल्या लोकांना शोभेल अशीच चूक केली. अल्बम मुकाट्याने इंटरनेटवर टाकायचा सोडून त्याचं प्रकाशन ठेवलं. झूमवर, दीपप्रज्वलनासकट. प्रमुख पाहुणे म्हणून तिथल्याच चेरीवूडमधल्या एका कंपनीच्या मोठ्या साहेबांना बोलावलं, कारण त्यांच्या खात्यात जागा निघणार होती. मला हे मुळीच पटलं नव्हतं आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

साहेबांनी त्याला अगदी सोलून काढलं. गाणी सगळी एकसारखी आहेत, उच्चार कोथरूडचे आहेत, गिटार संपता संपत नाही. मंडळी खो खो हसत होती. मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. शेवटी साहेब म्हणाले, "आता तुला काय, वेळच वेळ आहे. रियाज कर."

त्याची बायको मुलीला उचलून चौकटीबाहेर गेली.

आभारप्रदर्शन गायकाकडेच होतं. त्याने ते केलं. साहेबांचं मार्गदर्शन मोलाचं वाटलं, असं हात जोडून म्हणाला. साहेबांचा कॅमेरा तोवर बंद झाला होता.

नंतर त्याचा मला फोन आला. "एवढं बोलले म्हणजे सगळी गाणी ऐकली असतील ना रे?"

माझं डोकं फिरलेलंच होतं. सांगून टाकलं, की त्यांनी एकही गाणं ऐकलेलं नाही. सकाळी मला फोन करून त्यांनी नुसती गाण्यांची नावं विचारून घेतली होती.



"मग बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे आवडलं नाही असं काही नाही. सोमवारी फोन करून बघतो त्यांना."