सवाष्णीचं पान

देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा कोरडीच. सण करायचे, नैवेद्य दाखवायचा, जमलं तर शुक्रवारी गुंफेतल्या जोगेश्वरीला जाऊन यायचं, एवढंच. अंगात येणं, स्वप्नात दृष्टान्त होणं, यातलं माझ्या वाट्याला कधी काही आलं नाही, आणि ज्यांच्या येतं त्यांच्याकडे मी थोड्या संशयानंच बघत आले. तेव्हा पुढचं सगळं घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

ह्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा जोगेश्वरीत आमच्या चाळीतल्या खोलीत मी खानावळ सुरू केली. आमच्याच मुलखातली, देवगड-मालवणकडची सात-आठ पोरं जवळपासच्या कारखान्यांत कामाला होती. ती दोन्ही वेळा माझ्याकडे जेवत. ह्यांना पुढे कुठे धड काम लागलं नाही. ते बाजार करायचे, पोरांना वाढायचे. घर चालायचं ते त्या पोरांच्या ताटांवर.

एका उन्हाळ्यात आमच्या चाळींच्या वाडीत कावीळ आली. म्युनिसिपालिटीची माणसं आली, नळाचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली आणि हुकूम झाला की साथ आटोक्यात येईपर्यंत शिजवलेलं अन्न, बर्फ, उसाचा रस, काही विकायचं नाही. हुकूम सांगायला आरोग्य खात्यातल्या कांबळेबाई यायच्या. खांद्याला पिशवी, पायांत रबरी चपला. पाण्यात टाकायचं औषध देत घरोघर फिरायच्या. त्या दिसल्या की लोक दारं लोटून घ्यायचे, कारण त्या आल्या की कुणाचं तरी काहीतरी बंद व्हायचं.

माझी खानावळ थांबली, रसवाल्याचा चरक उभा राहिला. भजीवाला कढई गुंडाळून गावी गेला. पण हुकमापेक्षा लोकांची धास्ती मोठी. समोरच्या इमारतींत स्वयंपाकाला, भांड्यांना जाणाऱ्या बायकांना वॉचमन फाटकातूनच परत पाठवू लागला. कारखान्यांत आमच्या वाडीचा पत्ता ऐकून पोरांना घरी बसवलं. शेजारच्या सुमनच्या नणंदेला बघायला येणारे पाहुणे आले नाहीत ते आलेच नाहीत. आजारी होते त्यांच्यापेक्षा घरी बसलेलेच जास्त होते. आजारी बरे झाले. कामं गेली त्यातली बरीच परत आली नाहीत.

त्यात पहिली कावीळ झाली ती माझ्याकडे जेवणाऱ्या दिगंबरला. मग काय, आयतंच नाव मिळालं. 'शेवंताच्या हातचं खाऊन पोरगा पिवळा झाला,' असं नळावर बोललं जायचं आणि मी हंडा घेऊन गेले की सगळ्या गप्प व्हायच्या. दिगंबरच्या डोक्यावर काविळीची माळ घालून झाली, पण उतार पडेना. शेवटी इस्पितळात ठेवावं लागलं. त्याच्या आईनं माझ्या भरवशावर पोर मुंबईला धाडलं होतं. तिला काय तोंड दाखवू, या भीतीनं मी गुंफेत गेले. आत काळोख होता, वरून पाणी ठिबकत होतं. मी देवीला म्हटलं, "आई, एवढं पोर उठू दे. तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घालीन."

दिगंबर उठला आणि चार दिवस गावी गेला. साथ ओसरली, हुकूमही उठला. चरक परत फिरू लागला. माझ्याकडे मात्र कुणी फिरकेना. पोरं रस्त्यात भेटली की "येतो काकी" म्हणायची आणि पुढच्या गल्लीतल्या खानावळीत जेवायची. त्यांना तरी काय बोलणार. महिना असाच गेला, तेव्हा ह्यांनी खाटेखालची ट्रंक बाहेर ओढली.

"गावाक जावया," म्हणाले. "हंय तुझ्या हातचा आता कोण खातला?"

गावी आमचं होतं काय? दिरांच्या घरात एक कोपरा. मी एवढंच म्हटलं, "आधी नवस फेडते, मग न्या कुठे न्यायचं ते."

नवस फेडायचा तर सवाष्ण हवी. नवरा असलेली बाई, त्या दिवसापुरती तीच देवी. ती जेवल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही. एरवी अशा जेवणाला बायका आनंदानं येतात. मी सुमनला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "शुक्रवारी माझो उपास आसा गो."

"कधीपासून?"

"ह्याच शुक्रवारपासून धरतंय."

दुसरीचं शुक्रवारी पोट दुखणार होतं, आणि ते तिला मंगळवारीच कळलं होतं. तिसरी म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. ती अजून विचारतेच आहे.

तरी शुक्रवारी मी स्वयंपाक केला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. पिवळ्यानं पिवळं वाढतं म्हणून साथीत वाडीत कुणी जेवणात हळद घातली नव्हती, मीही नाही. त्या दिवशी डबा उघडला. देवीला नैवेद्य दाखवला, पाट ठेवला, केळीचं पान मांडलं, शेजारी खण-नारळ ठेवला आणि दार उघडं टाकून बसले. दुपार कलली. फुगलेले वडे बसले. हे उपाशीपोटी भिंतीला टेकून होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मनात म्हटलं, आई, जेवण तुझ्या नावाचं, तर पाहुणीही तूच धाडायची होतीस.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, प्यायला पाणी मिळेल का?"

कांबळेबाई होत्या. घामानं ओल्या झालेल्या.

"आमच्याकडचं चालेल?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"न चालायला काय झालं? गटारातनं जाणारा पाण्याचा पाइप फुटला होता, तो बदलला. तुमच्या घरात काही नव्हतं. घरोघर तेच सांगत फिरतेय, पण ऐकतंय कोण. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही." त्या दोन तांबे पाणी प्यायल्या. मग त्यांची नजर पानाकडे गेली. "कुणी यायचंय का?"

"सवाष्ण सांगितली होती. कुणी येत नाही."

त्या हसल्या. "मग मी काही कामाची नाही. मालक वारले माझे. आणि आम्ही बौद्ध, देवीबिवी मानत नाही. पण सकाळपासून पोटात काही नाही, हे मात्र खरं."

मी घुटमळले. सासू असती तर काय म्हणाली असती, ते मला ऐकू येत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "जेवाण थंड होता. वाढ."

मी वाढलं. आत स्टोव्हची धग होती म्हणून बाईंनी पाट उचलला आणि बाहेर गॅलरीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नेऊन ठेवला. मी मागोमाग पान नेलं. त्या अगदी मन लावून जेवल्या. सांबारं दोनदा मागून घेतलं, खिरीची वाटी बोटानं पुसली. दारं एकेक करून उघडली. जिनं सगळ्यांच्या चुली बंद केल्या होत्या, ती माझ्या हातचं खात होती. सांगून जे कुणाला पटलं नव्हतं, तेच आता लोक उभे राहून बघत होते.

हळूच सुमन आली. "शेवंता, वडे आसत काय गो?"

"आणि उपास?"

"सोडलंय," म्हणाली आणि बाईंच्या शेजारी मांडी घालून बसली.

जाताना मी बाईंच्या हातात तो खण दिला. हळदीकुंकवाची कोयरी उघडली नाही; त्यांना नको ते कशाला. "मुलीला शिवीन याचं काहीतरी," म्हणाल्या, आणि पिशवी खांद्याला लावून पुढच्या चाळीत गेल्या. दोन दिवसांनी पोरं जेवायला आली, माना खाली घालून. ह्यांनी ट्रंक परत खाटेखाली सारली.

ती देवी होती असं मी म्हणणार नाही. ती म्युनिसिपालिटीची बाई होती आणि तिला भूक लागली होती. पण गुंफेत जाऊन देवीपुढे नारळ ठेवला, तेव्हा मात्र मी पोटभर रडले. म्हटलं, आई, मी बोलावलेलं कुणी आलं नाही आणि जी आली तिला मी बोलावलं नव्हतं. नवस फिटला की नाही, ते तूच बघ. खानावळ चालू आहे त्यावरून फिटला असं मी धरून चालते.

त्या तिथीला अजूनही मी एक पान मांडते. कुणाला सांगायला जात नाही. दार उघडं ठेवते आणि बसून राहते.