राखणदाराच्या पायात बूट

अक्काचा पिंप्राळ्याहून फोन आला तेव्हा मी देवपूरच्या घरात नवे बूट घालून या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. डोंगर चढण्याआधी बूट पायाला सरावायला हवेत, असं दुकानदाराने बजावलं होतं. तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी गिर्यारोहणाला लागलो होतो. म्हणजे सोनगीरचा किल्ला दोनदा चढलो होतो.

"सातपुड्यातल्या देवीला जायचंय," माझी थोरली बहीण म्हणाली. "अनवाणी जायचा नवस आहे. तू सोबत आलास तर काळजी मिटेल."

काळजी तिला माझी होती, हे मला पुढे कळलं.

माघातल्या एका सकाळी जीपने आम्हाला पायथ्याशी उतरवलं. माझ्याजवळ बूट, काठी आणि मोबाइलमध्ये साठवून घेतलेला नकाशा होता. अक्काजवळ नारळ आणि माझा डबा होता. तिचा स्वतःचा उपास होता. चालता चालता तिने मला ताकीद दिली, "वाटेत कोणी भाकरी मागितली तर नाही म्हणू नकोस. देवीचा भाऊ डोंगर राखतो. डोक्याला पांढरं फडकं बांधून हिंडतो, भाकरी मागतो, आणि जो देईल त्याच्या पुढे चालून त्याला वर नेतो."

मी "बरं" म्हणालो. वर्गात एखाद्या मुलाने चुकीचं पण गोड उत्तर दिलं की म्हणायचो, तसं.

तासाभरात अक्का यात्रेकरू बायकांच्या घोळक्यात मिसळली आणि घोळका पुढे गेला. मी तिसऱ्यांदा दम घ्यायला थांबलो होतो. "तुम्ही व्हा पुढे," मी ओरडून सांगितलं, "नकाशात जवळची वाट दिसतेय."

ती वाट नकाशातच होती. खाली सागाची वाळकी पानं घोट्यापर्यंत साचली होती आणि सगळीकडे सारखीच वाट दिसत होती. मोबाइलच्या हिशेबाने मी एका नदीच्या मधोमध उभा होतो. बुटाखाली मात्र कोरडा दगड होता. वाकून जाताना एक फांदी कपाळावर लागली, रक्त आलं. पिशवीतला पांढरा पंचा कपाळाला घट्ट बांधला आणि नाल्यातून हातापायांवर वर सरकत राहिलो. दीड तासाने माणसांचे आवाज आले. करवंदीच्या जाळीतून अंग ओढत मी वाटेवर आलो.

समोर दगडावर एक म्हातारे आबा बसले होते. शेजारी त्यांची सून फडक्यातली शिदोरी सोडत होती. कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास आला आणि माझ्या तोंडून नमस्काराच्या आधी निघालं, "थोडी भाकरी मिळेल का?"

आबांनी माझ्या कपाळावरच्या पंच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि दोन भाकऱ्या माझ्या हातावर ठेवल्या.

मला उलगडा व्हायला अर्धी भाकरी लागली. घास गिळून मी घाईने म्हणालो, "आबा, मी साधा माणूस आहे. देवपूरचा."

"तेच तं," आबा म्हणाले.

"धुळ्याजवळचं देवपूर. पांझरेपलीकडचं."

"माहीत शे." त्यांची नजर माझ्या पायांवर गेली. थोडा विचार करून ते सुनेला म्हणाले, "आते देवबी बूट घालस."

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, राहू द्या. सासूबाई दरवर्षी यायच्या, औंदा त्या नाहीत. यांचं मन इथवर आलं आणि बसलं. परत जाऊ म्हणत होते. तुम्ही नुसतं पुढे चाला."

"मला वाटच माहीत नाही," मी कबूल केलं.

"मला माहीत आहे."

मग आम्ही निघालो. पुढे मी, मागे आबा, त्यांच्या मागे सून. फाटा आला की सून खोकायची. एकदा खोकली तर डावीकडे, दोनदा तर उजवीकडे. मी थांबलो की आबा थांबत, आणि राखणदार इतक्यांदा का थांबतो, हा प्रश्न त्यांना पडू नये म्हणून मी दरीकडे गंभीरपणे पाहत उभा राहायचो. इतक्या निष्ठेने माझ्या मागून तीस वर्षांत एकही विद्यार्थी आला नव्हता. एका चढावर आबांनी माझा हात धरला. चढ संपला तरी सोडला नाही. त्यानंतर मला मनातल्या मनातसुद्धा हसू आलं नाही.

देवळाच्या पायऱ्यांवर अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. दर्शन उरकून तिला तास झाला होता.

"कुठे उलथला होतास?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "म्हणे जवळची वाट! आणि डोक्याला काय करून घेतलंस? काही खाल्लंस का दर्शनाआधी?"

"दोन भाकऱ्या," मी म्हणालो.

आता आबांना सगळं कळणार म्हणून मी मान खाली घातली. आबा अक्काकडे पाहत राहिले. "तुमनी बहीण का?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी पायरीवर टोपी काढून ठेवली आणि अक्काला दंडवत घातला. अक्का दोन पायऱ्या मागे सरली. तिला मी साठ वर्षांत पहिल्यांदाच माघार घेताना पाहिलं.

गाभाऱ्यात आबांनी बायकोच्या नावाने हिरवी चोळी वाहिली आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसले. बाहेर सुनेने अक्काला खरा प्रकार सांगितला. अक्का हसली नाही. आपल्या फुगलेल्या तळव्यांकडे बघत ती एवढंच म्हणाली, "माझ्या नवसाला पाय लागले आणि याला देव व्हायला नुसता पंचा."

उतरताना आम्ही चौघं बरोबर होतो. खाली पोचल्यावर चहा पिता पिता आबांनी मला शांतपणे विचारलं, "धुळ्याले राहतस ना? इतला लांब राहीसन डोंगर राखनं अवघड शे."

ते थट्टा करत होते की चौकशी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. सून चहाच्या ग्लासात बघत होती.

जीपवाल्याला सांगून आबांनी पुढची एकमेव जागा माझ्यासाठी धरली. अक्का अनवाणी डोंगर चढून-उतरून आली होती, आबा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते, आणि सून मागे दाराची दांडी धरून उभी होती. मी नको म्हणायला हवं होतं. पण नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. मी पुढे बसलो.