विजेवर वाढलेले वाल

आमच्या थोरल्या दिरांना संशोधक म्हणवून घ्यायची फार हौस. संशोधन करायची नव्हती, तो भाग वेगळा. ठाकुर्लीला विजेच्या कामावर इंजिनियर होते, डोंबिवलीच्या घरात कर्ते होते, आणि सासरे गेल्यापासून त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही अशी रीतच पडली होती. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. भावोजींनी मागच्या अंगणात रॉकेलचे अर्धे कापलेले डबे दोन ओळींत मांडले, माती भरली, वाल पेरले. एका ओळीच्या मातीत तांब्याच्या पट्ट्या खुपसून त्या तारांनी बॅटरीला जोडल्या. दुसरी ओळ नुसती. विजेनं रोप जोमात वाढतं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. “यात पदार्थविज्ञान आहे, जीवशास्त्र आहे आणि इंजिनियरिंगही आहे,” असं जेवताना सांगत. ताटातल्या आमटीला ऐकू जावं म्हणून सांगत असावेत, कारण आम्हाला कुणी विचारत नव्हतं. मी चौथी शिकलेली. पण त्यांच्या कपाटाची धूळ पुसता पुसता पुस्तकं वाचायला लागले होते. त्यातल्या कित्येकांची छापखान्यातून जोडून आलेली पानं तशीच होती, ती पहिल्यांदा मीच विळीवर कापली, आता बोला.

संशोधन त्यांचं आणि काम माझ्या नणंदेचं. ती इंटर सायन्सला होती, मुंबईला कॉलेजात जायची. सकाळी निघण्याआधी एकेक रोप फूटपट्टीनं मोजायचं आणि सगळ्या डब्यांना एकाच वाटीनं पाणी घालायचं. भावोजींनी तिला बजावलं होतं, “प्रयोग साधला तर तुला बी.एस्सी.ला घालीन. नाही साधला तर तुझ्यात ते नाही असं समजू आणि स्थळं बघू.” म्हणजे बघा, डोकं यांचं आणि नापास व्हायचं तिनं. पोरगी रोपांकडे असं बघायची, जणू तिचंच आयुष्य मातीतून वर यायचंय. तसं ते होतंच.

आणि झालं काय, तर नुसती ओळ भराभरा वाढली. विजेची ओळ खुरटलेली.

“मापं चुकलीत,” भावोजी म्हणाले. “मुलींच्या हाताला शिस्त नसते.”

“मग तूच मोज ना, दादा.”

ते मोजणार कसले, वाकावं लागलं असतं. तेवढ्यात सासूबाई तांदूळ निवडता निवडता दारातून म्हणाल्या, “अरे, त्या पलीकडच्या ओळीला मी रोज तांदळाचं धुवण घालते.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? एका ओळीला तुझी वीज आणि दुसरीला कोरडं पाणी? असा पंक्तिप्रपंच या घरात कधी झाला नाही. त्यांनी काय घोडं मारलंय?”

नणंदेला हसू आवरेना. “अगं आई, त्यांना काही द्यायचंच नव्हतं. तुलनेला ठेवले होते ते.”

“मग पेरायचेच कशाला? उपाशी ठेवायला?”

नणंद भावाला म्हणाली, “दादा, नव्यानं पेरू या. या वेळी आईला सांगून ठेवू.” साधी, सरळ गोष्ट. पण रविवारी ठाण्याच्या एका विज्ञान मंडळाचे अध्यक्ष जेवायला यायचे होते, आणि भावोजींना त्यांच्यापुढे थोर व्हायचं होतं. शनिवारी संध्याकाळी ते पहिल्यांदा वाकले. खुरट्या ओळीतल्या पट्ट्या उपसल्या आणि उंच ओळीत खोवल्या.

“वहिनी, हे काय चाललंय?” नणंद माझ्या कानाशी म्हणाली.

“संशोधन,” मी म्हटलं.

भावोजी हात धूत तिला म्हणाले, “उद्या आकडे तू सांगायचेस. बी.एस्सी. हवंय ना?”

अध्यक्ष आले, श्रीखंड ओरपून जेवले, तोंडात लवंग धरून अंगणात उभे राहिले. “वा,” म्हणाले. “मुली, तू मोजलंस हे?”

तिनं एकदा भावाकडे बघितलं. “हो. पण तारा कालच लावल्यात. ही रोपं तांदळाच्या धुवणावर वाढलीत.”

संपली पोरगी, मला वाटलं. भावोजींचा चेहरा शिळ्या पिठल्यासारखा झाला. अध्यक्षांनी लवंग या गालातून त्या गालात नेली.

“असं का. छान, छान. हल्लीच्या मुली धीट आहेत.” मग भावोजींकडे वळून, “लिहून पाठवा तुम्ही. आमच्या अंकाला मजकूर हवाच असतो. पण विजेचंच लिहा. धुवण काही शोभायचं नाही.”

हा अध्यक्ष! असे भावोजी एकटेच, असं मी समजत होते, तर असल्यांचं मंडळच होतं.

पाहुणे गेल्यावर भावोजींनी फर्मान काढलं, परीक्षा झाली की कॉलेज बंद. सासूबाईंनी रदबदली केली, माझ्या नवऱ्यानं चाचरत केली. काही उपयोग नाही. नणंद इंटर चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरात बसली.

मग अंक आला. भावोजींचा लेख, विजेवर तरारलेले वाल, खाली नाव, नावापुढे डिग्री. त्या दिवशी ते ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला लेख वाचून दाखवत होते. दूधवाल्याचीही सुटका झाली नाही. मी नणंदेला म्हटलं, “अगं, जा आता. बी.एस्सी.चा अर्ज घेऊन सहीला जा.”

“हाकलून देतील, वहिनी.”

“आता नाही देत. जा.”

ती गेली, अर्ज पुढे धरला. भावोजींनी अंकातून मान वर काढली नाही. “काय आहे?” म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता सही ठोकली. शाई वाळायच्या आत पोरगी मुंबईच्या वाटेला लागली होती.