बटणाखालची अक्षत

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवावर रुसलो होतो. दसऱ्याला आमच्या जुन्या गाडीची यथासांग पूजा केली होती, कारण त्याच गाडीतून पत्नीला केमोला न्यायचं होतं. नारळ वाढवला, पाणी शिंपडलं, उघड्या खिडकीतून अक्षता टाकल्या आणि दत्तमहाराजांना म्हटलं, हिला सांभाळा. त्यानंतर आठच दिवसांत त्या खिडकीची काच नखरे करू लागली. खाली मुकाट्याने जायची, वर यायला मात्र दहादा बटण दाबावं लागे. मी निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर, दुसऱ्या कुणाला हात लावू देईन तर शपथ. फ्यूज बदलले, मोटर तपासली, चार दिवस गॅरेजमध्ये येरझारा घातल्या. पोथी घेऊन बसलो तरी डोळ्यांपुढे वायरीच दिसायच्या.

तिसऱ्या केमोच्या सकाळी मी उगाच काच खाली करून पाहिली, ती वर येईचना. इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, बाहेर बर्फ पडत होता आणि हिला साधी सर्दीसुद्धा होता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कॅब बोलवू या, असं ती दोनदा म्हणाली. मी ‘पाच मिनिटं, पाच मिनिटं’ करत राहिलो आणि शेवटी फोन उघडला तेव्हा कॅबला पाऊण तास दाखवत होता. पूजेचं हेच का फळ, असं मी देवालाच सुनावलं. ही कोट घालून, डोक्याला स्कार्फ बांधून दारात उभी होती. म्हणाली, "अहो, एकदा कुणाला तरी विचारा ना."

मी गाडीच्या दाराशी खाली बसलो. महाराज, मला नाही जमत, असं मनात म्हटलं. उभ्या जन्मात हे वाक्य मी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

मान वर केली तर गॅरेजच्या तोंडाशी समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. बारा वर्षांत आमची ओळख लांबून हात हलवण्यापुरती. "मे आय?" एवढंच त्यांनी विचारलं आणि स्क्रूड्रायव्हर मी आपणहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बटणच उचकटलं, जे मी एकदाही उघडलं नव्हतं. काच वर करायच्या बाजूखाली कुंकवाने लाल झालेला, फुगलेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. दाणा काढला, आतला भाग पुसला, बटण बसवलं आणि काच सरळ वर गेली.

हे काय, असं त्यांनी विचारलं. मी ओशाळून सांगितलं, पत्नीसाठी केलेल्या प्रार्थनेतला दाणा आहे. त्यांनी तो जपून माझ्या तळहातावर ठेवला. निघताना म्हणाले, चार दिवस तुमची धडपड बघतोय. तुम्ही हाक माराल म्हणून थांबलो होतो, आज राहवलं नाही.

आम्ही वेळेत पोहोचलो. वाटेत ही बंद काचेला डोकं टेकून झोपली होती. तो दाणा आता देवघरात आहे. तिच्या उपचारांचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण हात जोडले की त्या गृहस्थांचं बोलणं आठवतं आणि वाटतं, महाराजही इतकी वर्षं समोरच्याच घरात थांबले होते.