पिशवी काढलेल्या बाईची गाठ

"हिला राहू द्या डॉक्टर. ही मेंढरांतली आहे, अंगाला वास मारतो."

वहिनीसाहेब हे माझ्यासमोर म्हणाल्या. कानात नाही, हळू नाही. मी शाळेच्या खोलीत बाकावर बसले होते. ब्लाऊजच्या वरच्या गुंड्या काढलेल्या, पदर मुठीत धरलेला. खिडकीला पडदा नव्हता आणि बाहेर मांडव घालणारी माणसं आत बघत होती. डॉक्टरीण बाईंचा हात माझ्याकडे निघाला होता, तो तिथंच थांबला. त्यांच्या हातात मोजे होते, तोंडावर मास्क होता. तरी त्यांना वास आला. त्यांनी टेबलावरचा पेन उचलला आणि त्याच्या टोकानं माझा पदर बाजूला केला. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. झाली तपासणी.

मी म्हणाले, "डाव्या अंगाला गाठ हाय. दुखत न्हाई, पर हाय."

डॉक्टरीण बाईंनी वहिनीसाहेबांकडे बघितलं. गाठ माझ्या छातीत आणि विचारायचं त्यांना. वहिनीसाहेब म्हणाल्या, "हिची पिशवी काढलेली आहे. हिला कुठला आलाय कॅन्सर."

डॉक्टरीण बाईंनी माझ्या कार्डावर 'काही नाही' असं लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी उभ्या उभ्या गुंड्या लावल्या. दारात एक स्टीलचा डबा मिळाला. डब्यावर दादांचं नाव कोरलेलं होतं. डबा धरून फोटोला उभं राहिल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नव्हते.

दादा म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार आणि पुढारी. वहिनीसाहेब त्यांची बायको. शिबिर दादांच्या वाढदिवसाचं होतं, बायकांच्या छातीच्या कॅन्सरचं. गेवराई तालुक्यातली ती गावं मेंढरांच्या मागे चालून आमच्या पायाखालची झाली आहेत. पीक निघालं की मोठे शेतकरी आमची मेंढरं त्यांच्या रानात बसवून घेतात. मेंढरं रात्रभर बसली की लेंडीखत आयतं पडतं. बदल्यात आम्हाला ज्वारी मिळते, मेंढरांना धसकटांतला चारा आणि विहिरीचं पाणी. त्या साली आमची सव्वाशे मेंढरं दादांच्या रानात बसली होती. त्यांच्या शेताला आमच्या मेंढरांचा वास चालतो. लेंड्या तर मागून घेतात.

अपमान झाला तो झाला. पण मला आज जास्त शिसारी येते ती स्वतःची, कारण वहिनीसाहेबांचं बोलणं मला पटलं होतं.

माझी गर्भाची पिशवी मी सत्तावीस वर्षांची असताना काढली. पांढरं जात होतं, कंबर धरत होती. तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरनं पोटावरून यंत्र फिरवलं आणि नवऱ्याला सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मला काही सांगितलं नाही. नवऱ्यानं अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी गेली. आमच्याकडे ही गोष्ट बायका दाढ काढल्यासारखी सांगतात. कुणाची काढली, कुणाची राहिली, पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. आणि काढलेली बाई निर्धास्त असते. कॅन्सर पिशवीत राहतो, पिशवी गेली की कॅन्सरला घरच उरत नाही, हे आम्ही एकमेकींना छातीठोक सांगत आलो. मी स्वतः किती जणींना सांगितलं असेल. माझी मावशी थानाला जखम होऊन, हळद भरून भरून मेली, तेव्हाही आम्ही म्हणालो, बिचारीची पिशवी राहिली होती ना.

म्हणून गाठ लागली तरी मी गप्प होते. त्यात ती दुखत नव्हती. दुखत नाही ते साधं, असाही आमचा एक शहाणपणा आहे. त्यात आता डॉक्टरच्या हातचं कार्ड. ते मी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं.

पाच महिने गेले. रान बदललं, आम्ही चकलांब्याच्या बाजूला उतरलो होतो. एका सकाळी नुकती व्यालेली मेंढी कोकराला पिऊ देईना. मी तिला मांड्यांत धरून कास चाचपली. हे आमचं रोजचं काम. व्यालेल्या प्रत्येक मेंढीची कास हातानं बघायची, मऊ आहे का, कुठं घट्ट लागते का. घट्ट लागली तर दगडी, म्हणजे कास सुजायचा रोग, झाली समजायचं, आणि वेळ घालवला तर सड जातो, कोकरू मरतं. या मेंढीच्या एका बाजूला घट्ट लागलं. मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं तोंडातला घास तसाच ठेवून मोटरसायकल काढली आणि तासाभरात जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर लेंड्यांत मांडी घालून बसला. उघड्या हातानं त्यानं कास बघितली. बराच वेळ, सगळीकडून, दाबून, पिळून, वास घेऊन. दोन इंजेक्शनं दिली आणि संध्याकाळी परत येतो म्हणाला.

मी मेंढीचं डोकं धरून बसले होते. आणि मला माझीच घाण वाटली. मेंढीला हात लावणारा माणूस दुपारच्या आत येतो. मला पेनाचं टोक. आणि मी ते टोक पाच महिने पेटीत जपून ठेवलेलं.

बाभळीच्या आड गेले आणि ब्लाऊजमध्ये हात घातला. मेंढीची बघते तशी माझी बघितली. गाठ वाढली होती. हलत नव्हती. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती, आणि काखेतही एक लहान, टणक काहीतरी लागलं.

नवऱ्याला म्हणाले, उद्या बीडला जायचं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "कावून? कार्डावर लिवलंय की काय न्हाई म्हून."

"मेंढीचं कार्ड बघितलं व्हतं का सकाळी?"

दुसऱ्या दिवशी मेंढरं दिराच्या हवाली करून आम्ही एसटीत बसलो.

बीडच्या सरकारी दवाखान्यात माझ्या लेकीच्या वयाची डॉक्टरीण होती. तिनं पडदा ओढला. मग विचारलं, "मावशी, हात लावून बघू ना?" मला रडू फुटलं आणि त्या रडण्याचाच राग आला. हात लावायला विचारलं म्हणून बाईमाणसानं रडावं, इतकं आम्हाला स्वस्त करून ठेवलं होतं. तिनं बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवत दोन्ही बाजू बघितल्या, काखा बघितल्या, गळ्याजवळ बघितलं. घरात कुणाला होतं का, विचारलं. मावशीचं सांगितलं. पिशवीचंही सांगितलं.

मग कागदावर तिनं बाईचं चित्र काढलं. इथं पिशवी, इथं छाती. म्हणाली, "पिशवी काढल्यानं छातीचा कॅन्सर टळत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?" मी कुणाकुणाचं नाव सांगणार? सगळ्यांनीच सांगितलं होतं, मीसुद्धा. तिनं आणखी समजावलं. वय वाढतं तसा धोका वाढतो. घरात कुणाला झाला असेल तर जास्त, पण घरात कुणालाच नसलं तरी होतो. लेकरांना दूध पाजलं म्हणजे सुटलो असंही नाही. आणि न दुखणारी गाठ आधी दाखवायची, दुखायची वाट बघायची नाही. एवढं सांगायला तिला दहा मिनिटं लागली. माझ्या एवढ्या आयुष्यात ती दहा मिनिटं कुणाकडे नव्हती.

छातीचा फोटो काढला, सोनोग्राफी झाली, सुईनं गाठीचा तुकडा घेतला. पुढचं संभाजीनगरला. तपासणीत कॅन्सर निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला.

मोठ्या डॉक्टरांपुढं आम्ही दोघं बसलो. त्यांनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "टाका काढून एकदाचं." तो वाईट माणूस नाही. त्याला बाईच्या आजारावर एवढंच औषध शिकवलेलं आहे. मी त्याला तिथंच थांबवलं.

"पिशवीच्या टायमाला तुमी अंगठा दिला. आता सही मी करीन. मला समजल्याबिगर न्हाई करायची."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, गाठ लहान असली तर नुसती गाठ काढायची आणि नंतर शेक द्यायचे, म्हणजे मशीनचे किरण. छाती राहते, आणि बाई जगायलाही तेवढीच जगते. मोठी असली तर आधी किमो देऊन बघायचं, बारीक होते का. नाहीतर पूर्ण बाजू काढावी लागते. तुकड्याच्या तपासणीवरून कळतं पुढं कुणाला गोळ्या लागतील, कुणाला दुसरं औषध. माझी आता मोठी होती.

मी विचारलं, पाच महिन्यांमागं आले असते तर? ते म्हणाले, खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. पण गाठ लहान असताना तुम्ही आला असतात तर नुसती गाठ काढून भागण्याची शक्यता बरीच होती.

मी सही केली. अक्षरं वाकडी आली, पण माझी होती. किमोनं केस गेले, नखं काळी पडली, ज्वारीच्या भाकरीचा वास आला तरी ओकारी यायची. गाठ हवी तेवढी बारीक झाली नाही. डावी बाजू पूर्ण काढली.

त्यानंतरच्या सुगीला आमची मेंढरं परत दादांच्या रानात बसली. एके दिवशी दुपारी पांढरी गाडी बांधावर थांबली. वहिनीसाहेब, दोन कार्यकर्ते आणि एक कॅमेरावाला. दादांचा वाढदिवस जवळ आला होता. माझ्यासाठी साडी आणलेली. वहिनीसाहेब सरळ माझ्या बाजेवर टेकल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. त्या दिवशी त्यांना वास आला नाही. कॅमेरावाल्यानं मला डोक्याचा रुमाल काढायला सांगितलं, टक्कल दिसलं पाहिजे म्हणाला. मी नाही काढला.

मला काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहूनच आणलं होतं. कार्यकर्त्यानं वाचून दाखवलं. दादांच्या शिबिरात माझी गाठ वेळेवर सापडली, म्हणून मी आज जिवंत आहे. दादा आमच्यासाठी देव आहेत.

मला त्यांची शिसारी आली. यांनी माझी गाठ झाकली, आणि आता काढलेल्या छातीचाही यांना फलक करायचा होता.

नवरा हळूच म्हणाला, "म्हण की दोन शबुद. आपलं काय जातंय."

काय जायचं ते गेलं होतं. ते त्याला ब्लाऊजवरून दिसत नव्हतं, एवढंच. मी वहिनीसाहेबांचा हात खांद्यावरून काढला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलले.

"माझी गाठ तुमच्या शिबिरात सापडली न्हाई. मी सोताहून सांगितली, तर तुमी म्हणलाव, हिची पिशवी काढलीय, हिला कुठला कॅन्सर. तुमच्या डॉक्टरनं हात लावला न्हाई. गाठ माझ्या हाताला सापडली."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. वहिनीसाहेब उठल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "जरा विचार करून बोलत जा. मेंढरं कुणाच्या रानात बसलीत तुझी?"

"तुमच्या. उठवते आताच."

आणि उठवली. डावा हात अजून वर जात नव्हता. उजव्या हातानं मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या मेखा उपटल्या, जाळं गोळा केलं, मेंढरांना आवाज दिला. गाडी तिथंच उभी होती. नवऱ्यानं मला दोन शिव्या घातल्या, मग बाज डोक्यावर घेऊन मागे आला. साडी बांधावर तशीच पडून राहिली.

आता त्या पट्ट्यातले दादांच्या जवळचे शेतकरी आमची मेंढरं बसवून घेत नाहीत. रस्त्याच्या कडेनं चारतो. दोन कोकरं उपाशी गेली. हे गोड करून सांगण्यासारखं नाही, म्हणून गोड करून सांगत नाही. माझे शेक संपले, गोळ्या चालू आहेत, पुढं काय हे डॉक्टरलाही माहीत नाही.

मधे वडवणीहून लेकीचा फोन आला. तिला पांढरं जातंय, कुणीतरी पिशवी काढायला सांगितलंय, सासू तयार आहे. मी एसटीनं गेले आणि तिला बीडला त्या डॉक्टरणीपुढं उभं केलं. दहा दिवसांच्या औषधानं ती बरी झाली. तिची पिशवी जागेवर आहे. मावशीला होता, मला झाला, म्हणून तिची छाती मात्र लवकरपासून तपासत राहायची, हे तिला डॉक्टरणीनं समजावलंय आणि मी पाठ करून घेतलंय.

दादांच्या माणसांनी निरोप धाडला की बाईला तोंड आवरायला सांगा. नाही आवरणार. छाती एक गेली, तोंड शाबूत आहे. पाणवठ्यावर, बाजारात, एसटीत, जिथं बाई भेटेल तिथं मी पदर सरकवून दाखवते आणि पिशवीचं खोटं आधी मोडते. तपासून आलेल्या बाईला कार्ड दाखव म्हणत नाही. एवढंच विचारते, तुला हात लावला का? नाही म्हणाली, तर जिथं तपासलं त्याच दारात मी तिला घेऊन परत जाते, आणि हात लावेपर्यंत तिथून हलत नाही.