चौकात कोणीच दगड ठेवला नाही

आमचं गाव इतक्या झपाट्यानं वाढून राहिलं आहे की सकाळी दूध आणायला गेलेला माणूस परत येतो तर त्याच्या घरापुढं एक नवी गल्ली उभी असते, आणि त्या गल्लीतले लोक त्यालाच विचारतात, तुमी इथं नवीन का. याला कोणी अतिशयोक्ती म्हणत असेल तर म्हणो. एकदा येऊन बघावं, आणि येताना घराचा पत्ता खिशात ठेवावा.

गाव वाढलं, पण कचेऱ्या होत्या तिथंच चार टोकांना राहिल्या. जन्माचा दाखला एका टोकाला, जमिनीचा नकाशा दुसऱ्या, दवाखाना तिसऱ्या. वाचनालय हळदीच्या गोदामाच्या माडीवर. तिथली पुस्तकं आतून पिवळी झालेली, वाचणाऱ्याची बोटं पिवळी, आणि वाचून घरी गेलेल्या पोराला आई विचारायची की लगीन कोणाचं होतं. दाखला काढायला निघालेलं माणूस या चार टोकांत फिरून इतकं म्हातारं व्हायचं की शेवटी त्याला वयाचाच नवा दाखला लागायचा.

म्हणून एक समिती नेमली गेली. सगळ्या कचेऱ्या, दवाखाना, वाचनालय एकाच आवारात आणायचं ठरलं. जागा बसस्टँडमागच्या मोकळ्या मैदानाची. प्लॅन काढायचं काम आलं माझ्याकडं. तोवर मी घरं काढायचो, म्हणजे लोकांना पाहिजे तिथं जिना आणि त्यांच्या भावाला नको तिथं खिडकी. हे पहिलं काम असं, की ज्यात मला काही म्हणायचं होतं.

आणि म्हणायचं होतं ते एवढंच: मधे चौक पाहिजे. चारी बाजूंनी कचेऱ्यांच्या खिडक्या त्या चौकात उघडाव्यात, वर लिंबाची सावली, माणूस एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडं वीस पावलं चालला की काम झालं. चौक वगळला तर माझ्या प्लॅनमध्ये चार पत्र्याचे डबे उरत होते.

समितीचे अध्यक्ष नकाशावर बोट ठेवून बसले. बोट बरोबर चौकात.

"इंजिनेर, ही मधली जागा रिकामी काहून सोडली?"

"चौक आहे तो, अध्यक्षसाहेब."

"त्ये दिसून राहिलं. पन रिकामा काहून? तिथं दुकानाचे गाळे काढा ना. रिकाम्या जागेत आपल्याकडं दोनच गोष्टी होतेत. एक तं कचरा, न्हाई तं भांडन."

मी सावलीचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, रांगेत उन्हात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. अध्यक्षांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मोठे साहेब जिल्ह्याहून येऊन राहिले परवा. त्यांनी व्हय म्हनलं तं तुमचा चौक. न्हाई तं आमचे गाळे."

कागदावरचा चौक पाहून कोणी व्हय म्हणणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. म्हणून मी ठरवलं, आख्खा प्लॅन मैदानावरच आखायचा, खऱ्या मापाचा. साहेब येतील, पांढऱ्या रेघांमधून फिरतील, चौकात उभे राहतील आणि वारा लागला की आपोआप व्हय म्हणतील. आदल्या दिवशी मी मैदानात उतरलो आणि संध्याकाळपर्यंत चुन्याची फक्की टाकत राहिलो. मी इतका पांढरा झालो होतो की घरी गेल्यावर कुत्रं ओळखीचं असून भुंकलं.

आता आमच्याकडं फक्कीचा अर्थ काय होतो, हे मी जन्मापासून इथं राहून विसरलो. देवळापुढची जागा पुरत नाही, यंदा यात्रा दुसरीकडं भरणार, अशी कुजबुज गावात चाललीच होती. आणि यात्रा तोंडावर आली की मैदानात फक्की पडते. पडली की ज्यानं आधी जाऊन चौकोनात दगड ठेवला, दुकान त्याचं. या दगडाला कोर्टापेक्षा जास्त मान आहे. सख्खे भाऊ वाटणीसाठी एकमेकांची डोकी फोडतील, पण ठेवलेला दगड हलवणार नाहीत. कोणीतरी माझ्या रेघांचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला: यात्रेच्या जागा आखल्या.

सकाळी मी मैदानावर गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो.

आख्खी कचेरी भरली होती. वाचनालयात खेळणीवाला. दवाखान्यात मौत का कुआँचे बांबू. जमिनीच्या नकाशाच्या खिडकीत एक बाबा दगडावर पागोटं ठेवून झोपलेले. पण सगळ्यात जास्त गर्दी रस्त्याच्या कडेला होती, कारण तिथं मी एका ओळीत लहान लहान सारखे चौकोन आखले होते, आणि तिथं दोघांचं जुंपलं होतं.

"दगड माझा हाय, हलवायचा न्हाई," असं म्हणत एक कासारीण मावशी बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेली, आणि समोर एक हलवाई, हातात झारा.

"मावशे, जिलबीला रस्त्याची जागा लागती. बांगड्या काय, कुठंबी भरता येतेत."

"तं मग जिलबी घेऊन घरात बस."

मी मधे पडलो. म्हणालो, मावशी, ही यात्रेची जागा नाही, इथं सरकारी इमारत होणार आहे. "तुमी बसलात ती बायकांची मुतारी आहे."

हलवायानं झारा खाली केला आणि दोन पावलं मागं सरकला. मावशीनं इकडंतिकडं बघितलं, पदर सावरला.

"खरंच बांधनार का?"

"बांधणार."

"मंग दगड ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी सकाळधरनं पानी पीत न्हाई मी. बांधस्तोवर उठनार न्हाई."

मी तिथून वळलो आणि मला दुसरा धक्का बसला. चौक रिकामा होता. चारी बाजूंना इंच इंच जागेवर दगड, विटा, खाटा, छत्र्या, आणि मधे चौकात एक खडा नाही. तिथं लोक होते, पण नुसते: बोलत उभे, बसलेले, इकडून तिकडं चाललेले. यात्रेत मधली जागा माणसांची असते, तिथं कोणी दगड ठेवत नाही. मी समितीपुढं तासभर सावली आणि वारा समजावत बसलो होतो, आणि ही साधी गोष्ट तोंडात आली नव्हती.

तेवढ्यात अध्यक्ष आले. आले ते थेट पुरुषांच्या मुतारीपुढं थांबले, कारण तिथं चाकांसकट एक आख्खी रसवंती उभी होती, आणि तिच्याशेजारी त्यांचा मेव्हणा उसाची मोळी सोडत होता.

"या दाजी," मेव्हणा म्हणाला. "तुमचा फोन आला अन् आमी टाइम वाया घालवला न्हाई. कोपऱ्याची जागा धरली."

हा प्लॅन अध्यक्षांनी महिनाभर बोट ठेवून ठेवून पाहिला होता. तरी मोबाइलवर फक्की दिसल्याबरोबर त्यांनाही यात्राच दिसली. त्यांचा चेहरा माझ्या फक्कीपेक्षा पांढरा झाला. आणि मैदानाच्या तोंडाशी साहेबांची गाडी वळली.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "अध्यक्षसाहेब, ही रसवंती कोणाच्या सांगण्यावरून आली ते मी सांगू, का तुमी चौकाबद्दल सांगता?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मेंढरू असतो तर भीतीनंच मेलो असतो. मग टोपी नीट केली आणि साहेबांपुढं गेले.

साहेब गर्दीकडं बघून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"मुद्दाम बोलावले, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "कागदावर समजत न्हाई. म्हनून खरी मानसं जागेवर बसवून बघितली, गर्दी कशी होती, कुठं होती. अन् मधी बघा. मी पहिल्यापासून सांगून राहिलो, मधी चौक पाहिजे. आपल्या लोकायची रीतच हाय, मधली जागा सगळ्यायची. तिथं गाळे काढले तं लोक माफ करनार न्हाईत."

मी उभा जन्म थापा मारण्यावर जगलो, पण त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मी अजून बालवाडीत होतो. साहेब चौकात गेले, मधोमध उभे राहिले, मान वर करून बघितलं, लिंब कुठं लावणार ते विचारलं. मी दाखवलं.

"चांगलं आहे," साहेब म्हणाले. "चौक असाच राहू द्या. नाव काय द्यायचं?"

अध्यक्षांनी डोळ्यांची पापणीही न हलवता आपल्या वडिलांचं नाव सांगितलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. अध्यक्षांनीही बघितलं. मी म्हणालो, फार शोभतं. आणि फक्कीचं घमेलं उचलून भराभरा घराकडं निघालो, आणखी कोणी काही विचारायच्या आत.